रेघमास्तरांच्या बारा आलेखांवरची पाटी

मी आलेखाच्या डोक्यावरची पाटी बोलतेय. दचकू नका, आणि ओलांडून पुढेही जाऊ नका. माणसं आलेख बघतात म्हणजे काय करतात, मला चांगलं ठाऊक आहे. आधी तिरक्या रेषेकडे बघतात, मग ठिपक्यांकडे, मग मान वाकडी करून म्हणतात, "पण हे नक्की कशाचं आहे?" अहो, वर लिहिलंय ना. तेवढ्यासाठीच मला उभी केली आहे.

मी पत्र्याची नाही, लाकडाची नाही. रंगाऱ्याने मला रंगवलेलं नाही. मी एका संगणकावरच्या फायलीतली एक ओळ आहे. ओळ एक, पण अवतार चाळीस. एकदा मला नीट लिहिलं की चाळीस आलेखांवर मी चाळीस वेगवेगळ्या पाट्या होऊन बसते. हे सांगताना मला थोडा गर्व होतो, तो मी लपवत नाही.

माझा जन्म एका रंगाच्या कारखान्यातल्या चाचणी विभागात झाला. चाचणी विभाग म्हणजे एक लांबट खोली, टेबलांवर ओळीने मांडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, आणि त्यांच्यावरचा रंग वाळायची वाट बघत बसलेली माणसं. पहिल्या पट्टीला रंगाचा एक हात द्यायचा, दुसरीला दोन, असं करत सहावीला सहा. मग दर थोड्या वेळाने बोट लावून बघायचं. बोटाला रंग लागला तर वाळला नाही, नाही लागला तर वाळला. किती मिनिटं लागली ते वहीत लिहायचं. एका रंगाचे असे सहा आकडे, म्हणजे आलेखावर सहा ठिपके, आणि त्यांच्यामधून एक सरळ रेषा. त्या विभागातल्या माणसांची बोटं कधीच एका रंगाची नसतात आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही.

मला जन्म दिला सूनबाईने. ती अर्थातच कुणाची तरी सून आहे, पण इथे अख्खा कारखाना तिला सूनबाई म्हणतो, कारण तिचे सासरे याच खोलीत तीस वर्षं आरेखक होते. आरेखक म्हणजे हाताने आलेख काढणारा माणूस. शाई, पट्टी, चौकटीचा कागद आणि सतत रोखून धरलेला श्वास. त्यांची रेघ इतकी सुबक की लोक त्यांचं खरं नाव विसरले आणि रेघमास्तर म्हणू लागले. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी शिपायापासून साहेबापर्यंत कुणीही वेडीवाकडी सही केली की म्हणतात, "रेघमास्तर बघतील हं."

सूनबाई दहा वर्षं घरी होती. मुलांची आजारपणं, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं झालं आणि मग ती पुन्हा नोकरीला बाहेर पडली. रेघमास्तरांची सून म्हणून दार उघडलं, पण आत घेतलं ते तीन महिन्यांच्या बोलीवर. काम एकच: कारखान्याच्या चाळीस रंगांचे चाळीस आलेख करून एक पुस्तक बांधायचं आणि शुक्रवारी मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवायचं. मोठ्या बाई म्हणजे विभागाच्या प्रमुख. पुस्तक पसंत पडलं तर नोकरी कायम, नाहीतर नमस्कार. सूनबाईला ती नोकरी हवी होती. "मला पुन्हा घरी बसायचं नाही," असं ती फक्त एकदाच म्हणाली, आणि तेही मला लिहिता लिहिता, स्वतःशीच. म्हणून मला ठाऊक.

ती घरीही काम आणायची. जेवणाच्या टेबलावर एका कडेला लॅपटॉप, दुसऱ्या कडेला रेघमास्तर वर्तमानपत्र वाचत बसलेले. वाचत कसले, डोळा सगळा इकडे.

"चाळीस आलेख म्हणजे चाळीस पाट्या आल्या," ते म्हणाले. "मला एका पाटीला अर्धा दिवस लागायचा."

"बाबा, मी एकच लिहिणार आहे. बाकीच्या आपल्या आपण होतात."

"म्हणजे आळस."

"हो बाबा, पण शिकून केलेला."

रेघमास्तर मिशीतल्या मिशीत हसले. सून आणि सासरा यांचं तसं चांगलं जमतं. जमत नसतं तर माझी गोष्ट फार सोपी झाली असती.

आता माझ्या बालपणाबद्दल. ज्या भाषेत मी लिहिली गेले ती संख्याशास्त्रवाल्यांची भाषा, नाव नुसतं एक अक्षर, आर. आणि माझ्या अंगावर जो आकडा मिरवायचा होता त्याचं नावही आर-वर्ग, म्हणजे आर आणि त्याच्या डोक्यावर बारीक दोन. दोघांची नावं ठेवणाऱ्यांना बहुधा घाई होती. तर या भाषेच्या पाट्यांबाबतच्या तऱ्हा काय सांगू. बरोबरचं चिन्ह एकदा लिहिलं तर चालत नाही, दोनदा लिहावं लागतं. दोन गोष्टींमध्ये मोकळी जागा हवी असेल तर जागा सोडून उपयोग नाही, नागमोडी रेघ काढावी लागते. साधा शब्द लिहायचा तर अवतरणात गुंडाळून द्यायचा. आणि कंस! जेवढे उघडले तेवढे मिटलेच पाहिजेत. सूनबाईने पहिल्या दिवशी सात उघडले आणि सहा मिटले. लाल अक्षरांत जी काही खरडपट्टी निघाली, ती मी जन्मतःच ऐकली.

दुसऱ्या दिवशी कंस जुळले आणि मी चाळीस आलेखांवर झळकले. सूनबाईने मोठ्या आशेने पहिलं पान उघडलं. वर काय, तर "नाव, आर-वर्ग बरोबर आकडा". दुसरं पान, "नाव, आर-वर्ग बरोबर आकडा". चाळीसही पानांवर तेच. निळ्यावर "निळा" नाही, हिरव्यावर "हिरवा" नाही. चाळीस आमंत्रणपत्रिका छापून आणाव्यात आणि प्रत्येकीवर "श्रीयुत अमुक अमुक" असावं, तसं झालं. यात माझा दोष नाही. संगणकात रंगाचं नाव आणि आकडा एकेका पेटीत ठेवलेले असतात, आणि तिने मला जी पेटी दाखवली, तिच्या झाकणावरचं मी वाचलं. पेटी उघडून आतलं बघ, असं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

हे घरी चाललं होतं, आणि रेघमास्तर मागे उभे होते. "वा," ते म्हणाले. "शिकून केलेला आळस दिसतोय."

मग सूनबाईने शोधशोध केली आणि तिला ती खूण सापडली. कंसाच्या आधी एक टिंब द्यायचं. टिंब दिलं की त्याचा अर्थ, ही पेटी उघड आणि आत जे असेल ते इथे आणून ठेव. एवढंसं टिंब, पण माझा सगळा स्वभाव त्याच्यात आहे. तेव्हापासून मी मनाचं काही बोलत नाही. हिशोब आधी होतो, आकडा पेटीत पडतो, आणि पेटीत जे असेल तेच माझ्या तोंडून निघतं. मला खुशामत येत नाही आणि सांभाळून घेणंही येत नाही. लोकांच्या घरात अशी एखादी आत्या असते, तिला कुणी फार वेळा जेवायला बोलवत नाहीत.

हा आर-वर्ग काय प्रकार आहे ते सांगते, घाबरू नका. ठिपके रेषेला किती धरून आहेत, त्याचा तो आकडा. शून्य आला तर ठिपके आणि रेषा यांची ओळखदेख नाही. एक आला तर प्रत्येक ठिपका बरोब्बर रेषेवर बसलेला. पण रंग वाळवणारी माणसं असतात, मध्येच कुणाला शिंक येते, कुणी खिडकी उघडी ठेवतो, कुणी चहाला जातो आणि बोट लावायला उशीर करतो. त्यामुळे एक कधी येत नाही. पॉइंट नव्वद आला तरी माणसं खूश होतात.

मंगळवारी सकाळी सूनबाईने चाळीसही पानं काढली. पांढरा, पॉइंट त्र्याण्णव. करडा, पॉइंट अठ्ठ्याऐंशी. पिवळा, पॉइंट एकाहत्तर, कारण त्या दिवशी पिवळ्याजवळ बसलेल्याला सर्दी होती, वहीतच तशी नोंद होती. असं अठ्ठावीस पानांपर्यंत ठीक चाललं होतं. मग जुन्या रंगांची पानं आली. हिरवा, एक. निळा, एक. तपकिरी, एक. शेंदरी, एक. बारा रंग, बारा वेळा एक.

सूनबाईला आधी वाटलं, मी आकडा जवळच्या पूर्णांकात नेत असेन. तिने दशांशाची स्थळं वाढवली, दोनाची सहा केली. पेटी उघडली, आत एकच. तेवढ्यात त्या भाषेनेही एक इशारा छापला. त्याचा अर्थ असा की जुळणी जवळजवळ परिपूर्ण आहे, या हिशोबावर भरवसा ठेवू नये. बघा, यंत्रालासुद्धा कळतं की इतकं चांगलं चांगलं नसतं.

तिने कपाटातून जुन्या वह्या काढल्या. बाराही रंग रेघमास्तरांच्या काळातले, अक्षर त्यांचंच, मोत्यासारखं. तिने हिरव्याचं पान उजेडात तिरकं धरलं. आकड्यांच्या खालचा कागद ब्लेडने हळूच खरवडलेला होता. वर सुबक शाईत पन्नास, आणि खाली पुसट पेन्सिलीत काहीतरी वेगळं. बाराही पानांवर तसंच. सूनबाई वही मांडीवर घेऊन बराच वेळ तशीच बसून राहिली. पलीकडे एक जण पट्टीला बोट लावत होता, त्याने विचारलं, "काय हो, पाल दिसली का?"

काय झालं होतं ते तिला कळलं आणि तिच्यामुळे मलाही कळलं. रेघमास्तर आधी रेषा काढायचे. त्यांना रेषा चौकटीच्या कोपऱ्या-कोपऱ्यातून गेलेली आवडायची, तिथून गेली की ती देखणी दिसते. मग जे ठिपके रेषेला सोडून पडत, ते त्यांच्या डोळ्यांना खुपायचे. तर ते ठिपक्यांना उचलून रेषेवर बसवायचे. आणि आलेख एक बोलतो, वही दुसरंच बोलते, हे बरं दिसत नाही, म्हणून वहीही सुधारून घ्यायचे.

आता माझ्यावर काय वेळ आली ते ऐका. सूनबाईने माझ्या ओळीवर बोट नेलं. टिंब पुसलं, कंस पुसला आणि निळ्यापुरतं हाताने लिहिलं, पॉइंट सत्त्याण्णव. पाटी लगेच तयार. छान दिसत होती, अगदी खरी वाटत होती. कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी इतके दिवस पेटीतलं बोलत होते, आता कुणीतरी माझ्या तोंडात वाक्य घालत होतं.

सूनबाई त्या सत्त्याण्णवकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मग बाकीच्या एकोणचाळीसांवर तरी मी कसा विश्वास ठेवू?" आणि तिने टिंब परत दिलं. त्या क्षणी ती मला फार आवडली.

पण आकडा खरा ठेवणं वेगळं आणि सासऱ्यांना सांगणं वेगळं. ती घरी गेली ती हेच ठरवून, की जेवायच्या आधी सांगायचं. लॅपटॉप उघडा होता, हिरव्याचं पान समोर होतं, आणि ती हात धुवायला गेली. परत येते तो रेघमास्तर चष्मा नाकाच्या टोकावर आणून मला वाचत होते.

"सूनबाई, हे एक म्हणजे काय गं?"

"ते... रेषा ठिपक्यांना किती धरून आहे, ते."

"आणि जास्तीत जास्त किती येतो?"

"एक."

रेघमास्तर सरळ झाले. "म्हणजे पैकीच्या पैकी."

सूनबाईने तोंड उघडलं होतं, ते तिने मिटलं. "हो बाबा," ती म्हणाली.

झालं. त्यांनी एकेक करून बाराही पानं बघितली. बारा वेळा पैकीच्या पैकी. मधे पिवळा लागला तेव्हा म्हणाले, "एकाहत्तर? हा कुणाचा? हा माझ्यानंतरचा असणार." मग सासूबाईंना हाक मारली. सासूबाई गुडघा सांभाळत आल्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "यांचं सगळं सरळच असतं, म्हणून तर या घरात एक पडदा लावायला तीन दिवस लागतात." पण त्यांनाही आनंद झाला होता, लपत नव्हता. बुधवारी ही बातमी शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांना कळली, गुरुवारी न्हाव्याला. गुरुवारी संध्याकाळी रेघमास्तर म्हणाले, "उद्या मीही येतो. मोठ्या बाईंना तेवढंच बरं वाटेल." त्यांनी शर्टाला स्वतः इस्त्री केली. दर वेळी आज सांगते, आता सांगते, असं सूनबाईचं चाललं होतं. मला रोज उघडून बघितलं जात होतं आणि मला तोंड असून ती एक गोष्ट बोलता येत नव्हती, कारण मला कुणी तशी लिहिलीच नव्हती.

शुक्रवार उजाडला. मोठ्या बाईंची खोली छोटी, टेबल मोठं, आणि टेबलाच्या खणात कायम एक जाडजूड फाइल. मोठ्या बाई पानं उलटत होत्या. सूनबाई उभी, रेघमास्तर खुर्चीत, गुडघ्यांवर हात. अठ्ठावीस पानं झाली. मग हिरवा, निळा, तपकिरी. बाईंचा वेग कमी झाला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मला वाचलं. शेवटी विचारलं, "हे बारा असे कसे?"

"तेच तर," रेघमास्तर म्हणाले. "पैकीच्या पैकी."

"अहो, पण ठिपके असे रेषेवर पडत नाहीत कधी."

"पडत नाहीतच," रेघमास्तर आनंदाने म्हणाले. कुणीतरी आपलं कसब विचारतंय असं त्यांना वाटलं. "ते इकडेतिकडे पडतात. त्यांना आणावं लागतं. नुसती रेघ कुणीही मारेल, पण ठिपका उचलून बसवायचा आणि खाली खूण दिसू द्यायची नाही, याला हात लागतो."

"आणि वहीतले आकडे?"

"ते मग सुधारून घ्यायचे. नाहीतर वही आणि आलेख जुळणार कसे?"

मोठ्या बाईंनी खण उघडला आणि ती जाडजूड फाइल काढली. तक्रारींची होती. त्यांनी एक पत्र वाचलं. "डब्यावर लिहिलं आहे, दोन हात दिल्यास पन्नास मिनिटांत वाळतो. पन्नास मिनिटांनी बाकावर बसलो. उठलो तेव्हा विजार बाकावरच राहिली. बागेत त्या वेळी गर्दी होती."

रेघमास्तर खळखळून हसले. मोठ्या बाईंनी दुसरं पत्र वाचलं. त्यात एक नवरदेव आणि एक खुर्ची होती. रेघमास्तर पुन्हा हसले, पण जरा कमी. तिसऱ्यात शाळेचा फळा होता आणि त्याला पाठ टेकून उभे राहिलेले तपासनीस होते.

"कोणता रंग?" रेघमास्तरांनी विचारलं.

"हिरवा. सगळे हिरव्याचेच. डब्यांवरची मिनिटं आम्ही याच आलेखांवरून छापतो."

रेघमास्तर गुडघ्यांवरचे हात बघत होते. "त्रेसष्ट होते," ते हळू आवाजात म्हणाले. "हिरव्याला दोन हात, त्रेसष्ट मिनिटं. तो ठिपका फार वर जात होता."

मोठ्या बाई सूनबाईकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"मंगळवारपासून."

"हाताने आकडा बदलला असता तर मला कळलंही नसतं."

"बदलला होता, एकाचा. मग परत काढला."

मोठ्या बाईंनी पुस्तक मिटलं. "सोमवारी हे छपाईला जाईल. हे बारा असेच गेले तर लोक हसतील, आणि काढून टाकले तर पुस्तक अपुरं आहे. काय करायचं ते तुम्ही ठरवा. तुमचा कायम करायचा कागदही मी सोमवारीच बघेन."

बाहेर व्हरांड्यात रेघमास्तर थांबले. "तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही इतके खूश होतात."

"म्हणून मला इस्त्रीच्या शर्टात इथवर येऊ दिलंस?"

माझ्याबाबतीत ती चोख वागली, पण त्यांच्याबाबतीत नाही.

शनिवारी घरात अबोला. रेघमास्तर जेवायला बसले की भिंतीकडे बघून म्हणायचे, "सूनबाईला सांगा, मीठ कमी आहे." सासूबाई म्हणायच्या, "ती तुमच्या समोर दीड हातावर बसली आहे." मग सूनबाई म्हणायची, "बाबांना सांगा, मीठ त्यांच्या कोपराशी आहे." शेवटी सासूबाईंनी वाटी आपटली. "मला मधे घालू नका. माझा गुडघा दुखतोय, मी निरोप्याचं काम करणार नाही." त्यानंतर तेवढंही बोलणं बंद झालं.

रविवारी दुपारी सूनबाई लॅपटॉप उघडून बसली होती. बारा पानं काढून टाकायची आज्ञा लिहून तयार होती, फक्त चालवायची बाकी होती. मी श्वास रोखून बसले होते. ती आज्ञा चालली असती तर बारा ठिकाणची मी गेले असते, रेघमास्तरांची तीस वर्षं गेली असती, आणि अठ्ठावीस पानांच्या अपुऱ्या पुस्तकावर तिची नोकरीही बहुतेक गेली असती. तिचं बोट वर होतं. तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली.

"काढून टाकतेस?"

"तुम्हाला त्रास नको, बाबा."

"ते मी काढलेत," रेघमास्तर म्हणाले. "खोटे असले तरी मी काढलेत. काढून टाकलेस तर लोक म्हणतील, हरवले. मग पुढचा पुन्हा त्याच वहीतून काढेल." त्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. "त्या पाटीत आणखी काही लिहिता येतं का?"

"येतं. बारांवरच आणि बाकीच्यांवर नाही, असंही करता येतं. 'जर' म्हणायची सोय आहे."

"मग लिही. ठिपके..." ते थांबले, खाकरले. "ठिपके मी रेषेवर आणून बसवले आहेत."

सूनबाईची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. "'मी' कशाला, बाबा? 'आरेखकाने' लिहिते."

"आरेखकाने म्हटलं की वाटेल, दुसराच कुणीतरी होता. मी लिही. आणि खाली नाव."

"कोणतं नाव लिहू?"

"रेघमास्तर लिही. दुसरं कुणाला आठवतंय?"

"बाराही पानांवर?"

"बाराही. एकावर सांगायचं आणि अकरांवर झाकायचं, ते मला जमणार नाही."

सूनबाईने अवतरण उघडलं, त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले, अवतरण मिटलं. मग पडद्याकडेच बघत म्हणाली, "मी तुम्हाला मंगळवारीच सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

"हो, सांगायला हवं होतंस," रेघमास्तर म्हणाले. मग चष्मा पुसत, "आणि मी वीस वर्षांपूर्वी." नंतर त्यांनी तिला पाणी आणून दिलं, मोठा पेला भरून, आणि सांडू नये म्हणून पार टेबलापर्यंत दोन्ही हातांनी धरून आणला.

सोमवारी मोठ्या बाईंनी मला वाचलं. हिरव्यावर वाचलं, निळ्यावर वाचलं, बाराव्यापर्यंत एकही गाळली नाही. कधी नव्हे ते कुणीतरी आलेखाच्या आधी मला वाचत होतं. वाचून झाल्यावर त्यांनी सूनबाईचा कागद ओढला आणि सही केली. "हे बारा रंग पुन्हा पट्ट्यांना लावायचे," त्या म्हणाल्या. "आणि सासऱ्यांना विचारा, येतील का बोट लावायला. नुसतं बोट लावायचं, पेन घरी ठेवायचं."

ते येतात. रोज दुपारी येतात, पट्टीसमोर बसतात, बोट लावतात आणि घड्याळात जे दिसेल ते सूनबाईला मोठ्याने सांगतात. लिहिते ती. हिरव्याचे सहा आकडे झाले. दोन हातांना चौसष्ट मिनिटं लागली. माझा नवा आकडा आला, पॉइंट एकोणनव्वद. रेघमास्तरांनी ठिपक्यांकडे पाहिलं, त्यांचा उजवा हात जरा वळवळला, मग त्यांनी तो खिशात घातला.

तर असं माझं आयुष्य. सध्या मी त्या छापील पुस्तकात आहे, चाचणी विभागाच्या फडताळात, वरून दुसऱ्या कप्प्यात. फार दिवस नाही. बाराही रंग पुन्हा वाळून झाले की नवीन पुस्तक निघेल, नव्या आकड्यांचं, आणि त्यात त्या वाक्याची गरज उरणार नाही. सूनबाई ती 'जर'ची ओळ पुसेल. पुसायलाच हवी, माझी तक्रार नाही.

फक्त एक मागणं आहे. नवं पुस्तक आलं म्हणून जुनं रद्दीत घालू नका. त्या बारा पानांवर मला सावकाश वाचा. बाकी सगळीकडे मी पेटीतलं बोलते, हिशोब जे सांगेल ते. तिथे मात्र मी एका माणसाचं बोलते. तो 'मी' माझा नाही, रेघमास्तरांचा आहे, आणि तो लिहायला कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.